कापसाच्या बोळ्याबद्दल मामांचे जाहीर आभार

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

सोलापुरात घरी मुंग्यांची वसाहत वाढवणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं नव्याने या नादाला लागणाऱ्यालाही लागणारच, आणि तोंडी सांगताना दर वेळी त्यातलं काहीतरी गळतं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात आणि बोळे वळण्यात तुमची नोकरी गेली. त्याच पद्धतीच्या बोळ्यामागचं पाणी पिऊन आज आमच्या राण्या जगताहेत, हे तुमच्या कानावर घालायचं होतं.

नवख्यासाठी मांडणी आधी सांगतो: परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्याला अडवून धरणारा कापसाचा ओला बोळा, पुढच्या मोकळ्या भागात राणी, आणि तोंडाला दुसरा, कोरडा बोळा. कापसापासूनच सुरुवात करू. आपलं गाव सुताचं. चादरी, टॉवेल, गाद्या, वाती. कापूस मागितला तर कुणीही मूठभर देतं. आणि नेमका तोच कापूस नळीत घातला की राणी तहानेने मरते. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो, पाणी त्यात शिरत नाही. बोळा घट्ट दिसतो, मागे पाणी दिसतं, पण राणीच्या बाजूला कोरडाठाक. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन, मेण काढून आलेला असतो. तुमच्या कपाटात दोन्ही असायचे: जंतू वाढवायच्या नळ्यांच्या तोंडाला न भिजणारा, बाकी कामाला भिजणारा. आणि फरक ओळखायची तुमची रीत इतकी सोपी की आता पाकिटावरचं नाव कुणी वाचतच नाही. पेलाभर पाण्यात पुंजका टाकायचा. शोषक कापूस दहा सेकंदांच्या आत बुडतो, कच्चा तरंगत बसतो. पाण्याच्या बाजूला बुडणारा, तोंडाला तरंगणारा. तोंडाच्या बोळ्यातून हवा खेळली पाहिजे आणि पावसाळ्यात तो ओलावता कामा नये, म्हणून तिथे कच्चाच बरा. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस दोन्हीकडे नको.

नळी १८ मिमी जाड आणि १५० मिमी लांब. काळ्या मुंगळ्याच्या राणीला (तुम्ही डोंगळा म्हणता, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) हीच बेताची. १५ मिमीच्या नळीत तिची वळताना ओढाताण होते, आणि २५ मिमीच्या नळीत बोळा पाण्याचा भार धरत नाही. रसायनशास्त्राच्या जुन्या नळ्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत, हे तुमचंच. मोरचूद आणि आम्लं उकळलेल्या काचेचा भरवसा नाही. तोंडाला टवका उडालेली नळी चालते, पण कड ओल्या पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करायची. नळी धुण्याच्या सोड्यात रात्रभर ठेवून पाच-सहा वेळा विसळायची.

पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि पिंपात साठलेलं पाणी नळीत भरलं की महिन्याभरात हिरवी शेवाळ धरते. तळापासून ५ ते ६ सेंटिमीटर भरायचं, साधारण १० मिली. मग बोळा. कापूस गोळा करून कोंबायचा नाही. पट्टी ओढून ती वातीसारखी घट्ट गुंडाळायची, नळीच्या पोकळीपेक्षा किंचित जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांब. नळी उभी धरून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सावकाश खाली सरकवायची. सावकाश का, तर कापूस कोरडा असेपर्यंतच त्यातून हवा वर निसटते. एकदा भिजला की अडकलेला बुडबुडा अडकलाच. पाणी बोळ्यात दोन तृतीयांशापर्यंत चढलं की थांबायचं. पुढे ओल आपोआप पोचते. वरचा पृष्ठभाग ओल्या बोटाने दाबून सपाट करायचा, नाहीतर सुट्या तंतूंत राणीचे पाय अडकतात. मग नळी वर्तमानपत्रावर उलटी उभी करून रात्रभर ठेवायची. सकाळी कागदावर एकही थेंब नसेल तरच ती नळी राणीची.

त्या बुडबुड्यावर तुमचा एवढा राग का, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात कळतं. हवा तापली की फुगते आणि पुढचं पाणी बोळ्यातून राणीच्या खोलीत ढकलते. सकाळी खोली गार, दुपारी पत्रा तापलेला: हा पंप रोज चालतो आणि एका दुपारी अंड्यांचा गठ्ठा पाण्यात तरंगताना दिसतो. नळी जुनी होत जाते तसं पाणी कमी होऊन मागे हवा वाढते, म्हणून नवी नळी सहसा दगा देत नाही, अर्धी रिकामी देते. नळी खिडकीत, लोखंडी कपाटावर किंवा माळ्यावर ठेवायची नाही. आतल्या खोलीत सगळ्यात खालचा फडताळाचा कप्पा बरा.

राणी कुठून आणायची, यावर फार लिहीत नाही. रोहिणी-मृगातल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, दमट आणि वारा पडलेल्या संध्याकाळी पंखवाल्या मुंग्या उडतात. होटगी रोड असो की जुळे सोलापूर, रस्त्यावरच्या दिव्याखाली बघावं. त्याच वेळी वाळवीचीही पाखरं उडतात आणि नवखा माणूस तीच डबीत भरून आणतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या. नर बारीक, डोकं लहानसं, त्याला सोडून द्यावं. राणीची छाती फुगीर आणि पोट जड. पंख गळून जमिनीवर एकटी फिरणारी असेल तर मिलन बहुधा झालंय. पंख स्वतः उपटून काही साधत नाही: फलित न झालेल्या अंड्यांतून नरच निघतात आणि वसाहत तिथेच संपते.

माणशी एक राणी पुरे. वारूळ खणून राणी काढू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही, तिथे वन्यजीव कायदा लागू आहे. झाडावरची लाल-काळी लांबट टेट्रापोनेरा रुफोनायग्रा घरात आणूच नये. तिच्या डंखाने काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी होते.

राणी आत गेली, तोंडाला दीड सेंटिमीटर बोळा बसला, नळीभोवती काळा कागद गुंडाळला, की काम संपलं. म्हणजे आपलं संपलं. मुंगळ्याच्या राणीला पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत खायला लागत नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी असतात. तेच आत विरघळवून ती अळ्यांना भरवते. साखर, मध, केळं, काहीही आत टाकलं की फक्त बुरशी येते. आठवड्यातून एकदा, तेही लाल जिलेटिन कागदातून, अर्धं मिनिट बघायचं; लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. २८ ते ३० अंशांत अंड्यापासून पहिल्या कामकरी मुंगीपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. मधे जे पिवळट लांबट दाणे दिसतात आणि ज्यांना सगळे अंडी म्हणतात ते कोश असतात. अळीला कोश विणायला धरायला काहीतरी लागतं, म्हणून चिमूटभर धुतलेली बारीक वाळू आत टाकलेली चांगली.

राणी अंडी खाते, ही इथली नेहमीची तक्रार, आणि पूर्व भागातून जास्त येते. तिथे कारण बहुतेक वेळा यंत्रमाग असतो. मुंगीला आवाजाचं विशेष नाही, पण पायाखालचा कंप तिला फार कळतो, आणि माग चालू असलेल्या घरात फरशी दिवसभर थरथरते. घाबरलेली राणी अंडी गिळून टाकते. उपाय तुम्हीच सांगितला होता: फडताळावर दोन घड्यांची जाड चादर, तिच्यावर स्पंजचा तुकडा, स्पंजला खाच पाडून त्यात नळी. चादर इथे घरोघरी असतेच. कूलरच्या स्टँडवर किंवा फ्रिजवर नळी ठेवणं म्हणजे तोच कंप विकत घेणं.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा खोलीही ३६-३७ला पोचते, आणि तिथून पुढे अंडी-अळ्या वाळतात. फ्रिज नको. जुना माठ आडवा करून, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून, आत कोरड्या फडक्यावर नळी ठेवली की पाच-सहा अंशांचा फरक पडतो, कारण आपली हवा कोरडी. पावसाळ्यात हा उपाय बाद. तेव्हा नळीच्या आत बाष्प धरतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत वाढ मंदावते. राणी मेली समजून नळी हलवत बसायचं नाही.

पहिल्या पाच-दहा कामकरी मुंग्या बाहेर आल्या की खाणं सुरू. चमचाभर साखर, तीन चमचे पाणी. त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फॉइलच्या तुकड्यावर. प्रथिनांसाठी उकळत्या पाण्यात बुडवून मारलेल्या किड्याचा पाय, नाहीतर उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याचा कण. घरातलं झुरळ चालत नाही, कुठल्या फवाऱ्यातून आलंय ते कळत नाही. उरलेलं चोवीस तासांत काढायचं. मुंगळा दाणे खाणारा नव्हे, पण कुणी दाणे साठवणाऱ्या मुंग्या पाळत असेल तर ज्वारी, राळा, तीळ खाण्याच्या डब्यातला द्यावा. पेरणीचं रंगीत बी बुरशीनाशक लावलेलं असतं.

मुंग्यांचा खडू, डासांची कॉइल आणि प्लगमध्ये लावायचं लिक्विड, तिन्हीत पायरेथ्रॉइड गटाचं विष असतं. बंद खोलीत रात्रभर लिक्विड चालू आणि सकाळी सगळी वसाहत उताणी, यात गूढ काही नाही. डास असतील तर मच्छरदाणी लावावी.

पाणी संपत आलं किंवा बोळा काळा पडला तर मुंग्या आपटून बाहेर काढू नयेत. नुसता पिवळा पडलेला बोळा निर्धोक असतो. नवी भरलेली नळी जुनीच्या तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडायची. नवीवर काळा कागद, जुनी उजेडात. कधी एका रात्रीत जातात, कधी पंधरा दिवस घेतात. तुमचं वाक्य आम्ही अजून वापरतो: बिऱ्हाड त्यांचं आहे, मुहूर्तही त्यांचाच.

मोठं घर करायची घाई सगळ्यांनाच असते, आणि पंचवीस-तीस मुंग्या होण्याआधी ती केली की वसाहत मोकळ्या जागेत कुठेतरी कोपऱ्यात कचरा साठवते, तिथे बुरशी धरते. नंतर बांधकामावरच्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकचा तुकडा घ्यावा, १२ मिमी खोल खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या ८ मिमीच्या वाटा कोराव्यात, वर ४ मिमीची काच. एकाच कोपऱ्यात पाणी द्यावं. मुंगळ्याला कोरडं आणि ओलं दोन्ही हवं, तो स्वतः निवडतो. प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलंच तर पुरता आठवडा वाळू द्यावं.

बाहेर पडू नयेत म्हणून डब्याच्या वरच्या तीन-चार सेंटिमीटरला टाल्कम पावडर सर्जिकल स्पिरिटमध्ये पातळ कालवून लावतो. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्यावरच मुंग्या आत. खोबरेल तेलाची पट्टी उन्हाळ्यात वितळून खाली ओघळते. पावसाळ्यात पावडर सुटते, तेव्हा दुधाच्या पातेल्याखाली ठेवतात तशी पाण्याची परात खाली.

राणी वर्षानुवर्षं जगते. इंग्लंडात मुंग्यांचे अभ्यासक जॉन लबॉक यांनी १८७४ साली घेतलेली एक राणी १८८८पर्यंत जगली. ती जात वेगळी, आणि तिला वळवाचा पाऊस ठाऊक नव्हता, पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: दर काही महिन्यांनी एक नवी नळी धरली तर एका राणीमागे किती बोळे वळावे लागतील, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

मृगाआधी नळ्या धुऊन, बोळे घालून, उलट्या करून तपासून ठेवतो आहोत. एक शंका राहिली आहे. मोठ्या झालेल्या वसाहतीला २५ मिमीची नळी द्यायची तर बोळा तीन सेंटिमीटर लांब करावा, की दोनच ठेवून अधिक घट्ट वळावा? लांब केला तर ओल पुढे पोचत नाही, घट्ट केला तर काच तडकते. कळवाल तसं करू.

आपले,
सोलापुरातले मुंग्या पाळणारे