नळदुर्गच्या बॅटरीवाल्या मामांस

मामा, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये नळदुर्गात ज्यांची ट्रॅव्हलर अडली होती, ते लातूरचे मास्तर लिहितोय. टपावर सोलर, आत पलंग, ओटा, फ्रिज असलेली गाडी. पत्र पोस्टानंच टाकणार होतो, पण पत्ता विचारला तेव्हा "हायवेला कुणालाबी विचारा" एवढंच तुम्ही म्हणाला होतात. म्हणून उघडंच लिहितो. गाडीत बिऱ्हाड करणाऱ्या आणखी चौघांनी वाचलं तर बरंच.

त्या सकाळी किल्ला बघून झाला होता. आत पंखा गरगरत होता, फ्रिजमध्ये ताक गार होतं, आणि सेल्फ मारला की नुसतं टक्‌ टक्‌. आमची ही म्हणाली, "एवढं ऊन खाते ही गाडी, मग मेली कशी?" मी तीस वर्षं पोरांना ओहमचा नियम शिकवला, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही मीटर लावला. मागची लिथियमची बॅटरी 13.3 व्होल्ट, इंजिनची 11.4. मग म्हणालात, "अवो सर, वरचं पॅनल मागच्या बॅटरीचं. पुढच्या बॅटरीला त्याचा थेंबसुद्धा मिळत नाही." इतकं साधं होतं. पुढची फक्त इंजिन चालू असताना, त्याच्याबरोबर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरवर भरणार, आणि आमची गाडी महिना महिना अंगणात उभी.

वायर सोडवून मधे मीटर घातलात, तर चावी काढलेली असतानाही 80 मिलिअँपिअर जात होते. टेप, सायरन, जीपीएस, सगळे गुपचूप पीत बसलेले. दिवसाला जवळपास 2 अँपिअर-अवर, महिन्याला 60 च्या आसपास. बॅटरी 80 ची. हा हिशेब मी सहावीच्या पोराकडून करून घेतला असता, स्वतः कधी केला नाही. शहरातल्या एका दुकानानं दोन वर्षांत मला दोन नव्या बॅटऱ्या विकल्या, मीटर काही लावला नाही.

खरं तर तुम्हालाही तिसरी विकता आली असती. मी पाकीट काढूनच उभा होतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहिले. घाईत मी दोन्ही बॅटऱ्या जाड वायरनं जोडायला निघालो होतो, तुम्ही मनगट धरलंत. रिकाम्या बॅटरीत लिथियम एका दमात करंट ओतेल, वायर तापेल, नाहीतर लिथियमच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, जोडणीच तोडेल आणि पंखासुद्धा बंद. मी हुशारीनं रिलेचं नाव काढलं. तेही खोडलंत: तो व्होल्टेज बघून जोडतो-तोडतो, आणि लिथियम नुसती बसली तरी तेराच्या वरच असते, रिलेला वाटणार चार्जिंग चालूच आहे, सुटायचाच नाही. एका बॅटरीवरून दुसरी बेतानं भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर मागवता आला असता, पण उभ्या गाडीला थोडंसं पाजत राहण्यापुरतं एवढं कशाला, असं तुमचं मत.

मग तुम्ही दुकानाच्या माळ्यावरून काढलंत ते झटका मशीनचं जुनं पॅनल! रानडुकरं हाकलणारं 20 वॅटचं पॅनल आमच्या टपावर. दुपारी जेमतेम 1 अँपिअर देतं, पण चार-पाच तास चांगलं ऊन मिळालं की खर्चाच्या दुप्पट जमा. पॅनलचा करंट आवरणारा छोटा कंट्रोलर, पॉझिटिव्हजवळ फ्यूज, आणि "आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल" ही ताकीद. इंजिनची बॅटरी रात्रभर दुकानात हळू चार्जवर ठेवलीत, सकाळी बराच वेळ नुसती ठेवून मोजली तर 12.6, म्हणजे भरलेली. "अर्धी भरलेली उभी ठेवली की आत दगड होतंय बगा," हे तुमचं वाक्य. प्लेटांवर सल्फेट बसतं, असं मी वर्गात सांगितलं असतं. तुमचं जास्त लक्षात राहतं.

आता निकाल ऐका. एप्रिल-मे दोन्ही महिने गाडी जागची हलली नाही. लातूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तुम्ही बजावल्याप्रमाणे दर पंधरवड्याला बॅटरीची झाकणं उघडून पाहिली, दोनदा डिस्टिल्ड वॉटर घातलं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पहाटे मीटर लावला: 12.7. चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन धरलं. हिनं गाडीपुढं नारळ फोडला. मी म्हटलं, तो खरा नळदुर्गात फोडायला हवा.

पॅनलचे पैसे तुम्ही जुन्या मालाचेच घेतलेत, मजुरीच्या जागी चहा. त्यावर वाद घालत नाही. पण त्या गडबडीत तुमचा पिवळा मीटर आमच्या डॅशबोर्डवरच राहिला, आणि जूनचं मोजमाप मी त्याच्यावरच केलं. श्रावणात बोरी नदीला पाणी आलं, नर-मादी धबधबे पडायला लागले की किल्ल्यातला पाणीमहाल बघायला येतोय. मीटर तेव्हा आणतो. तोवर तुमचं काम अडत असेल तर निरोप द्या, आधी येईन.

तुमचा,
लातूरचा मास्तर