लातूरच्या गंजगोलाईतल्या चाचांना, एका सॅक्सोफोनवाल्याकडून

चाचा, सलाम.

हे सगळं खरं तर दुकानात येऊन तोंडानं सांगायला हवं होतं. पण तुमच्यासमोर बसलो की तुम्ही आधी चहा सांगता. मी विषय काढला की 'छोड ना' म्हणून हातातल्या सोल्डरिंगकडं बघायला लागता, आणि आभार राहूनच जातात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातीला सांगा, ती वाचून दाखवील.

२०२१च्या पावसाळ्यात मी तुमच्याकडं आलो तो सॅक्सोफोन विकायला. दोन लगीनसराया लॉकडाऊननं खाल्ल्या होत्या, घेतलेले बयाणे परत करून झाले होते. त्याआधी तरी काय बरं होतं? ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या २०१६ साली आमच्या औसा तालुक्यात लोकांनी लग्नं पुढं ढकलली. डीजे तर केव्हाच आला होता. बारा माणसांच्या बँड पार्टीचं काम एक टेम्पो आणि एक पोरगा करायला लागला.

पण मला आत लागलं होतं ते वेगळंच, आणि ते तुम्हालाही मी बऱ्याच उशिरा सांगितलं. एका लग्नात परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या पारावर पोचला होता, मी गाण्याचा अंतरा वाजवत होतो. नवरदेवाच्या मामानं येऊन माझ्या वाद्यावर हात ठेवला, मोबाइल स्पीकरला जोडला आणि म्हणाला, "ओरिजिनल ऐकू दे लोकांना." पंगतीत आम्हाला शेवटी बसवतात, त्याची सवय होती. हे वाक्य मात्र गेलं नाही. मलाही पटत चाललं होतं की खरं संगीत बंद खोलीत, चांगल्या माइकसमोर होतं आणि आम्ही रस्त्यावर त्याची नक्कल करतो.

तुम्ही किंमत विचारलीच नाही. सॅक्सोफोन हातात घेतलात, दोन चाव्या दाबून बघितल्यात, शटर अर्धं ओढलंत आणि दिवा घालवलात. मग एका वायरीला छोटा बल्ब जोडून तो भोंग्यातून आत सोडलात. मी वीस वर्षं वाद्य वाजवतोय, पण त्याच्या पोटात दिवा सोडलेला कधी पाहिला नव्हता. चाव्या मिटलेल्या होत्या, तरी खालच्या दोन चाव्यांच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ बाहेर येत होती. "जिथून उजेड येतो तिथूनच तुझी फूक जाते," एवढंच बोललात. खालचे सूर का फाटतात हे मला त्या रेघेनं दाखवलं. इतके दिवस मी स्वतःच्या छातीला दोष देत होतो. चावीखालच्या पॅडचं, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीचं, कातडं सुकून कडक झालं होतं. तुम्ही जुनी लाख तापवून काढलीत, नवीन पॅड बसवलीत, पुन्हा लाख लावून चावी दाबून धरलीत आणि म्हणालात, "थंड होईपर्यंत बस. काहीतरी ऐकवतो."

मग ती एलपी, म्हणजे जुनी मोठी तबकडी, निघाली, तुम्ही मुंबईला रेडिओचं काम शिकत असताना चोर बाजारात घेतलेली. ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६ची रात्र. जॅझ हा शब्द मी ऐकून होतो, तेवढाच. सॅक्सोफोन सुरू झाला तर तो कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. पुढं ड्रम, पुढं लोकांचा गलका, आणि ज्याला ऐकायचं तोच मागं. मी सरळ म्हणालो, चाचा, रेकॉर्डिंग खराब आहे.

तुम्ही चिडला नाहीत. आधी हकीकत सांगितलीत. मोठाल्या बँडचे दिवस तेव्हा अमेरिकेतही सरत आले होते. चार-पाच माणसांचे ताफे स्वस्त पडायचे, नवी गाणी आली होती. एलिंग्टन सत्तावन्न वर्षांचा, आपल्या गाण्यांच्या पैशातून माणसांचे पगार भागवत बँड चालू ठेवणारा. (हे ऐकताना मला माझे वडील दिसत होते, तेव्हा बोललो नाही.) त्या रात्री त्यांची खरी पाळी आली ती जवळजवळ मध्यरात्री, लोक उठून घरी निघालेले. एलिंग्टननं १९३७ सालच्या आपल्या दोन जुन्या रचना काढल्या आणि त्या दोन्हींना जोडणारी मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला दिली. जमेल तेवढं वाजव म्हणाला.

गोन्साल्विस ऐकून मी विचारलं होतं, गोव्याचा का? तुम्ही हसलात. पोर्तुगीज नाव खरं, पण घराणं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचं. मे १९७४मध्ये आधी गोन्साल्विस गेला आणि दहा दिवसांच्या आत एलिंग्टनही, हेही तुम्हीच सांगितलंत, तेव्हा तुमचा आवाज जरा उतरला होता.

आणि मग माइकची गोष्ट. स्टेजवर दोन माइक शेजारीशेजारी होते, एक रेकॉर्ड कंपनीचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा. गोन्साल्विस पुढं आला आणि चुकून रेडिओच्या माइकसमोर उभा राहिला. कंपनीच्या टेपवर त्याचा आवाज लांब गेला तो त्यामुळं. पुढं रेडिओची टेप सापडली आणि १९९९ साली दोन्ही टेपा जोडून सीडी निघाली. भाच्यानं दुबईहून आणलेली ती सीडी तुम्ही लावलीत.

चाचा, तो माणूस एकदम समोर येऊन उभा राहिला. श्वास ऐकू यावा इतका जवळ.

बारा घरांचं एक आवर्तन, प्रत्येक घरात चार मात्रा. तुम्ही बोटांवर मोजत होता, मी कोपऱ्यातल्या खोक्यावर खडूनं रेघा ओढत होतो. मागं अख्खा ताफा गप्प, फक्त बास, ड्रम आणि मधूनमधून एलिंग्टनचा पियानो. मला वाटलं होतं आता हा बोटांची कमाल दाखवणार. त्यानं तसं काही केलं नाही. छोटी छोटी वाक्यं घेतो, तीच फिरवतो, जरा पुढं ढकलतो, परत मागं येतो, आणि चाल सोडत नाही. काही आवर्तनं लोक नुसते ऐकतात. मग कुठूनतरी एक हाळी येते, मग दुसरी. तुम्ही सांगितलंत, काळ्या पोशाखातली एक बाई आपली जागा सोडून नाचायला लागली होती. स्टेजच्या कडेला जो जोन्स नावाचा दुसऱ्या बँडचा नामी ड्रमवाला होता, तो गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं ठेका धरत होता. पाठीमागून एलिंग्टन स्वतः ओरडून गोन्साल्विसला चढवतोय, तेही टेपवर आहे. गलका वाढतो तसा सॅक्सोफोन घट्ट होतो, सॅक्सोफोन घट्ट होतो तसा गलका वाढतो. कोण कुणाला ओढतंय हे सांगता येत नाही. सत्तावीस आवर्तनं. सहा मिनिटांच्या वर. माझ्या रेघा खोक्यावर मावल्या नाहीत.

मला रडू आलं ते कशानं, हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आज सांगतो. वरातीत पोरं नाचायची थांबत नसली की अंतरा संपला तरी मुखडा पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. ओठ सुजतो, रीड भिजून जड होतं, मालक मागून 'चालू ठेव' म्हणतो. हे मी आजवर वेठबिगारी समजत होतो. आणि इथं जगानं जपून ठेवलेली सहा मिनिटं नेमकी तीच होती! समोर नाचणारी बाई आहे म्हणून माणूस सोळावं, सतरावं आवर्तन घेतो. बंद खोलीत तो ते घेणारच नाही, त्याला कारणच नाही. मामाच्या मोबाइलमधलं गाणं चांगलंच होतं. पण त्याला पारावरची माणसं दिसत नव्हती, मला दिसत होती.

तुम्ही माझ्याकडून फक्त पॅडचे पैसे घेतलेत. सीडी मात्र बळंच पिशवीत घातलीत.

२०२२ला तिथी निघाल्या तेव्हा आम्ही सात जण पुन्हा उभे राहिलो. मी गाणी तीच वाजवतो, जॅझ मला येत नाही. पण मुखडा फिरवायची वेळ आली की आता अंग चोरत नाही. एखादी आजी पदर खोचून पुढं आली तर तिच्या पावलावर सूर टाकतो, लांबवतो, ताशावाल्याकडं बघतो. एकदा आमची वरात फोनवर रेकॉर्ड केली आणि तुम्हाला ऐकवायला आणली. फोन ताशाच्या गाडीवर ठेवला होता, त्यामुळं ताशा कानात आणि मी कुठंतरी शेतात. तुम्ही पूर्ण ऐकलंत आणि म्हणालात, "चुकीचा माइक. पुढच्या वेळी मी येतो."

मला वाटलं बोलायची गोष्ट. पण त्या वैशाखात निलंगा रस्त्यावरच्या गावात, रात्री साडेदहाला, तुम्ही खरंच आलात. सत्तरीचं वय, स्कूटर, खांद्याला पिशवी, हातात रेकॉर्डर. दोन तास माझ्यापासून चार हातांवर उलटं चालत होता, मागं ट्रॅक्टर आहे का बैल आहे याची पर्वा न करता.

ते रेकॉर्डिंग मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्यात ट्रॅक्टरचा हॉर्न आहे, 'ए लेकरं बाजूला घ्या' आहे, माझा एक सूर घसरलेला आहे. सतराव्या मिनिटाला मी दमून मुखडा सोडायला येतो, ते ऐकणाऱ्याला स्पष्ट कळतं. आणि तेवढ्यात अगदी माइकजवळून कुणीतरी ओरडतं, "और बजा रे!" पुढची चार मिनिटं त्या एका हाळीवर वाजलेली आहेत.

तुम्ही म्हणता, मी नव्हतो, मी तर काम करत होतो. चाचा, मी ते गावातल्या दहा जणांना ऐकवलंय, माझ्या आईला ऐकवलंय. तो आवाज तुमचाच आहे.

तुमचा,
औशाचा सॅक्सोफोनवाला