रोबोटचे फर्मवेअर भरण्याचे काम शाळेतच व्हावे

मा. संपादक,

राज्य सरकारच्या केअर्स या योजनेमुळे गोव्यातील सरकारी व अनुदानित शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स हे विषय सहावीपासून पोचले, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र माझ्या परिचयाच्या काही शाळांत चाकांवर चालणारा छोटा रोबोट वेडावाकडा वागू लागला की तो कपाटात ठेवला जातो आणि पुरवठादाराच्या तंत्रज्ञाची वाट पाहण्यात अर्धे सत्र निघून जाते. यांतल्या पुष्कळ तक्रारी फर्मवेअर, म्हणजे रोबोटच्या बोर्डात साठवलेला त्याला चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा भरून आणि चाकाचा व्यास वगैरे मापे त्यात नीट बसवून दूर होण्यासारख्या असतात. त्यासाठी एक संगणक आणि एक यूएसबी केबल पुरते. म्हणून सिरीयल जोडणीवरून (संगणक आणि बोर्ड यांच्यात एकामागून एक बिट पाठवणारी वाट) फर्मवेअर भरणे आणि मापे बसवणे या दोन गोष्टींचा शिक्षकांच्या प्रशिक्षणात समावेश व्हावा, अशी माझी मागणी आहे.

पहिली अडचण भीतीची आहे. भरता भरता वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होईल, असे अनेक शिक्षकांना वाटते. शाळांत वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो उनोसारख्या नियंत्रक बोर्डाच्या ३२ किलोबाइट स्मृतीपैकी अर्धा किलोबाइट भाग बूटलोडर या, संगणकाकडून नवे फर्मवेअर घेऊन स्मृतीत लिहिणाऱ्या, छोट्या प्रोग्रॅमसाठी राखलेला असतो, आणि नेहमीच्या पद्धतीने नवे फर्मवेअर भरताना त्या भागाला हात लागत नाही. केबल मध्येच निघाली तर रोबोट गप्प पडून राहील, पण बूटलोडर शाबूत असल्यामुळे तेच काम पुन्हा पहिल्यापासून करता येते. बूटलोडरच बदलायचा असेल तर प्रोग्रॅमर नावाचे वेगळे उपकरण लागते. ते काम खुशाल तंत्रज्ञाकडे राहू द्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा चार्ज केलेला लॅपटॉप वापरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटरांची बॅटरी बंद ठेवून चाके टेबलापासून अधांतरी राहतील अशा तऱ्हेने रोबोट एखाद्या खोक्यावर ठेवावा, कारण फर्मवेअर भरून होताच नवा प्रोग्रॅम लगेच चालू होतो आणि बेसावध असताना रोबोट टेबलावरून खाली जाऊ शकतो.

खरा वेळ जातो तो जोडणीत. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलण्याची वाट, दिसत नाही. स्वस्त बोर्डांवर यूएसबीची सिरीयलशी सांगड घालणारी सीएच ३४० ही चिप बहुधा असते आणि तिचा ड्रायव्हर (तिला ओळखणारे सॉफ्टवेअर) संगणकावर नसला तरीही हेच घडते. ब्लूटूथचे एचसी-०५ मॉड्यूल उनोच्या ० आणि १ या पिनांना जोडलेले असेल तर यूएसबीचीही सिरीयल वाट तीच असल्याने अपलोड, म्हणजे फर्मवेअर भरणे, अडते. मॉड्यूल काढून ठेवले की काम होते. पडद्यावर अर्थहीन अक्षरांची रांग उमटली तर बोर्डाला दोष देण्याआधी माहिती पाठवण्याचा वेग पाहावा, कारण बोर्डाच्या बाजूला ९६०० आणि संगणकाच्या बाजूला ११५२०० बॉड (या वेगाचे एकक) असेल तर असेच दिसणार.

फर्मवेअर नीट भरले गेले तरी मापे बसवल्याशिवाय काम पुरे होत नाही, आणि नेमका हाच भाग मुलांना सर्वाधिक शिकवणारा आहे. चाकाचा व्यास, चाकाच्या एका फेरीतले एन्कोडरचे (चाकाचे फिरणे मोजणाऱ्या संवेदकाचे) ठोके, दोन चाकांमधले अंतर हे आकडे बहुधा ईईप्रॉम या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या, वेगळ्या स्मृतीत साठवलेले असतात. साध्या अपलोडने ते पुसले जात नाहीत. पण नवी आवृत्ती त्यांची जागा बदलू शकते किंवा त्यांवर मूळचे आकडे लिहू शकते. यासाठी अपडेटपूर्वी सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) सगळी मापे वाचून वहीत उतरवून घ्यावीत. समजा चाक ६५ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि फर्मवेअर ते ७० मिलिमीटरचे धरून चालले आहे, तर एक मीटर जाण्याचा हुकूम दिल्यावर रोबोट सुमारे ९३ सेंटीमीटरवरच थांबेल. आठवीच्या मुलांनी फरशीवर खडूने रेघ मारून, टेपने अंतर मोजून, गुणोत्तर मांडून योग्य व्यास काढावा आणि तो सिरीयलवरून स्वतः भरावा. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र इतके हाताशी येण्याची संधी शाळेत फार थोड्या वेळा मिळते.

शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की खरेदीच्या अटींतच प्रत्येक संचासोबत फर्मवेअरची फाइल, तिचा आवृत्ती क्रमांक, जोडणीचा आराखडा आणि मूळ मापांचा तक्ता देणे पुरवठादारावर बंधनकारक करावे. प्रयोगशाळेच्या संगणकांवर ड्रायव्हर बसवण्याची परवानगी त्या शाळेतल्याच एका शिक्षकाकडे असावी. आणि पुढच्या प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी फर्मवेअर भरताना केबल मुद्दाम मध्येच काढावी, तेच फर्मवेअर पुन्हा भरावे आणि मापे बसवून रोबोट सरळ रेषेत चालवून दाखवावा.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्स विषयाचा एक निवृत्त निदेशक,
फोंडा, गोवा