तुरुंगातल्या त्या माणसांना, मनापासून

माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी म्हणून आत गेला तेव्हा त्याला रोज दारू लागायची. दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आम्हाला घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. बराकीवरच्या हवालदारसाहेबांना होतं. तो थरथरत अंगावरचे नसलेले किडे झटकत होता. "नाटकं करतोय" असं न म्हणता त्यांनी त्याला रात्रीच तुरुंगाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शांत करणारी औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वेळेवर दिली. साहेब, डॉक्टर, तुमच्यामुळे आमच्या आईचा मुलगा जिवंत आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्या, ओळख गुप्त ठेवणाऱ्या लोकांचा गट, त्यातले काका रविवारी झडती देऊन आत यायचे. त्यांचं पूर्ण नाव तर विचारायचंच नसतं. स्वतःची कहाणी सांगायचे आणि ऐकत बसायचे. भाऊ म्हणतो, उपदेश न करणारा हा पहिलाच माणूस भेटला.

समुपदेशक ताई, सुटकेआधी तुम्ही आम्हालाही बोलावून घेतलंत. बाहेर आल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सुटलेल्या पोरांचा तर जुन्याच डोसने जीव जातो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. तुरुंगाच्या दारात घरचं माणूस उभं हवं, हे तुम्हीच सांगितलंत. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही तुम्हीच दिलीत. तो नंबर मी गल्लीत बऱ्याच जणांना लिहून दिलाय.

काका, परवानगी मिळाली तर भाऊ तुमच्याबरोबर रविवारी आत यायला तयार आहे.