मॅडमच्या पेपरांची यादी

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडमनी जन्मभर केस रिपोर्टच (एकेका पेशंटवरचे छोटे पेपर) लिहिले ना?" तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून तातडीने तपासायचा तुकडा (फ्रोझन) आला, म्हणून फोन ठेवला. पण ते डोक्यात राहिलं. गेलेल्या बाळांची पोस्टमॉर्टेम करून कारण शोधणाऱ्या आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडम आता निवृत्त होतायत. त्यांच्या निरोपसमारंभासाठी पेपरांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे सगळा गठ्ठा घरी आणून वाचतोय. सौ. म्हणते, जेवणाच्या टेबलावर तरी ते फोटो नकोत.

तुझं निम्मं खरं आहे. काही पेपर भरतीचे आहेत, तेही बहुधा कुणा रेसिडेंटचं नाव लागावं म्हणून लिहिलेले. पण 2015 मध्ये एमसीआयने (तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने) कॉलेजातल्या डॉक्टरांच्या प्रमोशनसाठी केस रिपोर्ट धरायचे नाहीत असं ठरवलं, त्यानंतरही बाईंनी ते लिहिणं थांबवलं नाही. पदरात काही पडणार नव्हतं, मग कशाला लिहीत होत्या?

एक पेपर सांगतो. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या मोठ्या, पांढुरक्या, आणि बाळाभोवती पाणी जवळपास नाही. पाणीच नसलं की बाकीचं धड दिसत नाही, हे तुला मी काय सांगणार! जोडप्याला सांगितलं गेलं, "नशीब, पुढच्या वेळी होईल नीट." नातेवाईक पोस्टमॉर्टेमला तयार नव्हते. मॅडम स्वतः लेबर रूमबाहेर जाऊन बाळाच्या आजीशी बोलत बसल्या. मग टेबलावर दिसलं ते असं: करंगळीच्या बाजूला सहावं बोट, दोन्ही हातांना, डोक्यामागे केसांत लपलेली लहानशी पिशवी, किडनी कापली तर स्पंजासारखी, नुसत्या गाठी. लिव्हरच्या स्लाइडवर पित्तनलिका वेड्यावाकड्या. म्हणजे मेकेल-ग्रुबर सिंड्रोम, एक आनुवंशिक आजार. मेकेलने 1822 मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार. रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होणारा, आणि अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक धोका. "नशीब" म्हणून सोडून देण्यातला प्रकार नव्हे.

एडिथ पॉटरचं नाव तुला आठवत असेल, शिकागोची पॅथॉलॉजिस्ट. जवळजवळ 5,000 पोस्टमॉर्टेममधून तिने दोन्ही किडन्या नसलेली 20 बाळं वेगळी काढली आणि 1946 मध्ये त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन छापलं. पण तो चपटा चेहरा पाण्याअभावी येतो, मग पाणी कशामुळेही कमी असो. त्यामुळे नुसता चेहरा बघून "पॉटर" लिहून मोकळं होणाऱ्यांवर मॅडम भयंकर चिडायच्या. किडनी नाहीच, की आहे पण गाठींनी भरलेली, यावर पुढच्या बाळाचा हिशेब बदलतो. मॅडमच्या त्या पेपरचा शेवटचा परिच्छेद पूर्ण पुढच्या गरोदरपणाबद्दल आहे: 12 ते 14 आठवड्यांतच कसलेल्या माणसाकडून सोनोग्राफी, तोवर पाणी असतं आणि बोटं मोजता येतात.

दुसरा पेपर मला जास्त आवडला. लागोपाठ बाळं गेलेली बाई. शेवटच्या बाळाचं लिव्हर आक्रसलेलं, आणि पर्ल्स स्टेन (लोह निळं दाखवणारा रंग) केल्यावर पॅनक्रियास, थायरॉइड, ओठातल्या लाळग्रंथींतसुद्धा निळंशार लोह. प्लीहेत मात्र नाही. इथे आईच्याच अँटिबॉडीज बाळाच्या लिव्हरवर उठलेल्या असतात, आणि एकदा झालं की पुढच्या बाळाला धोका 90 टक्क्यांच्या आसपास. पण याला उपाय आहे! शिकागोच्याच व्हिटिंग्टन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं: अशी बाळं गमावलेल्या 15 बायकांना 18व्या आठवड्यापासून दर आठवड्याला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज) दिलं, 16 गरोदरपणं झाली, सगळी बाळं जगली. औषध महाग आहे, कबूल. पण लाळग्रंथीचा तो एवढासा तुकडा कुणी घेतलाच नसता, तर महाग-स्वस्ताचा प्रश्नसुद्धा आला नसता.

वारेवरचे (प्लॅसेंटावरचे) पेपर बरेच आहेत, त्यात शिरत नाही. पूर्वी एकच विकृती प्रत्येक जण वेगळ्या नावाने लिहायचा. 2016 मध्ये वारेच्या विकृतींना काय म्हणायचं यावरचं ॲम्स्टरडॅमचं एकमत छापून आलं, तेव्हा मॅडमनी आमचे जुने रिपोर्ट नव्या नावांत बसवायला लावले होते. तेव्हा शिव्या दिल्या, आता ती सवयच उपयोगी पडते.

आता तुझ्याकडे येतो. तुझ्या नर्सिंग होममधून वार थेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, हे तूच सांगितलंयस. निदान बाळ गेलेलं असेल तेव्हा तरी ती ठेव. बाळाला लगेच फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नकोस, नंतर पेशी वाढत नाहीत आणि डीएनएही खराब होतो. फ्रिजमध्ये ठेव, फ्रीझरमध्ये नको. आधी क्रोमोझोमसाठी त्वचेचा किंवा वारेचा तुकडा सलाइनमध्ये काढ, मग बाकीचं. घरचे चिरायला नाहीच म्हणाले, तर आग्रह करू नकोस. पूर्ण एक्स-रे, चेहऱ्याचे आणि हातापायांचे फोटो आणि वार, एवढ्यावरही बरंच सांगता येतं. पोस्टमॉर्टेमसाठी तुला मिरज जवळ आहे. ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड मात्र माझ्याकडे पाठव, मॅडम निवृत्त झाल्यावरही बघणार आहेत, मी विचारून ठेवलंय.

पार्सल शनिवारी टाकू नकोस, रविवारी इथे घ्यायला कुणी नसतं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू