व्हॉल्ट ऑफ ग्लासमधून आम्हाला नेणाऱ्या शेर्पांना आभाराचे पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमचे खरे नाव मला ठाऊक नाही आणि खेळातले टोपणनाव असे उघड लिहिणे प्रशस्त वाटत नाही. म्हणून 'डेस्टिनी २' हा ऑनलाइन व्हिडिओ गेम खेळणारे लोक तुमच्यासारख्यांना ज्या नावाने ओळखतात, त्या शेर्पा या नावानेच हे पत्र लिहिते आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, एखादी अवघड मोहीम स्वतः अनेकदा पार केल्यानंतर अनोळखी नवशिक्यांना कोणताही मोबदला न घेता तीच मोहीम शिकवत पार करून देणाऱ्या खेळाडूला तिथे शेर्पा म्हणतात. २०२१ च्या पावसाळ्यात तुम्ही आम्हा पाच जणांना 'व्हॉल्ट ऑफ ग्लास' या मोहिमेतून नेलेत. सगळा वेळ तुम्ही हिंदी-इंग्रजीत बोलत होतात; पण गॉर्गन नावाच्या शत्रूंच्या भुलभुलैयात, जिथे त्यांची नजर पडली की सगळा संघ काही क्षणांत संपतो, तिथे तुमच्या तोंडून एकदम "थांबा, थांबा, पुढे नको!" असे निघाले, आणि तुम्हाला आभाराचे पत्र मराठीत लिहिता येईल हे मला त्या क्षणी कळले.

माझी भीती नेमकी कशाची होती हे आधी सांगायला हवे, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलेत ते नीट कळणार नाही. शत्रूंची, बंदुकांची किंवा हरण्याची मला भीती नव्हती. टाळेबंदीत मुलाच्या कन्सोलवर एकटीने खेळत मी बरीच पुढे आले होते. पण रेडला, म्हणजे अशा मोठ्या मोहिमेला, सहा माणसे लागतात आणि खेळ तुम्हाला ती आपोआप जुळवून देत नाही. ती आपली आपण शोधावी लागतात. संघ शोधणाऱ्यांच्या जाहिराती वाचल्या की हातपाय गार पडत. काय करायचे ते पाठ असेल तरच या, मायक्रोफोन हवाच, आधी किती वेळा मोहीम पूर्ण केली ते तपासले जाईल, अशी त्यांची भाषा असते. जिने एकदाही मोहीम केलेली नाही तिने तो पहिला अनुभव आणायचा कुठून, याचे उत्तर त्यांत नसते. माहितीची वाण नव्हती. व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले होते. परंतु ते करणाऱ्यांना सगळे इतके सोपे झालेले असते की त्यांचे बोलणे ऐकून धीर येण्याऐवजी जायचा. चाळिशी ओलांडलेल्या बाईने पंचविशीतल्या अनोळखी मुलांचा वैताग मायक्रोफोनवरून ऐकून घ्यायचा, हे चित्रच मला नको होते.

तुमच्या जाहिरातीत मात्र तीन गोष्टी होत्या: व्हिडिओ पाहिलेले नसले तरी चालेल, फक्त ऐकू येत असेल तरी चालेल, आणि वेळ लागेल. त्यातली तिसरी मला सर्वांत मोलाची वाटली. सुरुवातीलाच तुम्ही सांगितलेत की २०१४ मध्ये ही मोहीम पहिल्यांदा खुली झाली, तेव्हा जगात सर्वप्रथम ती पूर्ण करणाऱ्या कसलेल्या संघालाही सुमारे १४ तास लागले होते आणि तोवर त्यांची पात्रे हजाराहून अधिक वेळा मेली होती. आपल्याला तर कुणाशी शर्यतही लावायची नाही, असे तुम्ही म्हणालात आणि दिल्लीचा एक मुलगा मोकळेपणाने हसला.

ऑरॅकल्सचा टप्पा तुम्ही ज्या रीतीने शिकवलात, त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. तिथे सात ठरावीक जागी प्रकाशाचे गोळे उमटतात, प्रत्येक जागेचा सूर वेगळा असतो, आणि ज्या क्रमाने ते उमटतात त्याच क्रमाने ते फोडावे लागतात; फेरीगणिक त्यांची संख्या वाढत सातापर्यंत जाते. सगळा क्रम डोक्यात ठेवायचा म्हटले की नवख्या माणसाचा गोंधळ उडणारच. तुम्ही आम्हाला तो लक्षात ठेवायलाच लावला नाहीत. प्रत्येकाला एकेक जागा दिलीत, उरलेल्या दोन स्वतःकडे घेतल्यात, आणि सांगितलेत की आपल्या जागी गोळा उमटला की तो कितवा, तेवढा आकडा बोलायचा, कोणत्याही भाषेत. पंगतीत पहिल्यांदा वाढायला उभ्या राहिलेल्या मुलीच्या हाती आधी मिठाचे भांडे देतात, तसे हे काम होते. पण त्यावाचून पान पूर्ण होत नाही. अनोळखी माणसांसमोर मायक्रोफोनवर मी उच्चारलेला पहिला शब्द "तीन" हा होता. त्यावर कुणी शाबासकी दिली नाही, कुणी काही विचारले नाही, पुढचा आकडा आला आणि गोळे फुटले. मला हवे होते ते नेमके हेच.

संघ मेला की तुम्ही एकच प्रश्न विचारायचात: कोणत्या जागेचा आकडा ऐकू आला नाही? कोण चुकले, हे तुम्ही एकदाही विचारले नाहीत. कोचीचा विद्यार्थी पुन्हापुन्हा माफी मागू लागला, तेव्हा त्याला समजावत बसण्याऐवजी पुढच्या टप्प्यात, टेम्पलरशी लढताना, संघाला शापातून सोडवणारी ढाल तुम्ही त्याच्याच हाती दिलीत. नंतर तुम्ही गप्प राहिलात. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर समोर दिसत असताना विद्यार्थ्याला ते स्वतः सापडेपर्यंत तोंड मिटून बसणे किती जड जाते हे मला रोज अनुभवावे लागते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर इतका संयम मी शिक्षकांच्या खोलीतही क्वचितच पाहिला आहे.

यातून तुम्हाला काय मिळाले, हा हिशेब मी नंतर मांडला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे एका पात्राला मोहिमेतली बक्षिसे आठवड्यातून एकदाच मिळत, आणि बोलण्याच्या ओघात तुम्ही सांगितलेत की तुमच्या तिन्ही पात्रांची त्या आठवड्याची बक्षिसे आधीच घेऊन झाली होती. म्हणजे आमच्याबरोबर घालवलेल्या त्या रात्रीबद्दल खेळाने तुमच्या पदरात काहीही टाकले नाही. शेवटी अ‍ॅथिऑन, म्हणजे मोहिमेतला अखेरचा शत्रू, पडला तेव्हा आम्ही पाचही जण एकाच वेळी ओरडत होतो, त्या गलक्यात नीट आभार मानायचे राहून गेले. ते आज मनापासून मानते.

आता एक विनंती. माझ्या शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिका हल्ली हा खेळ खेळू लागल्या आहेत आणि रेडचे नाव काढले की विषय बदलतात. त्यांना घेऊन जायचे मी ठरवले आहे. भुलभुलैयाची वाट आणि सातही जागा मला आता पाठ आहेत, पण तुम्ही तेव्हा जे गप्प राहिलात ते मला अजून जमत नाही. एखाद्या शनिवारी रात्री तुम्हाला सवड असेल, तर संघात या. शिकवायचे काम मी करीन, तुम्ही फक्त मी मध्येच उत्तर सांगू लागले की मला टोका.

आपली नम्र,
तुमच्या संघातली, डावीकडच्या दुसऱ्या जागेवरची