आईच्या मणक्याच्या ऑपरेशनबद्दल

पुणे, जुलै

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई पावसाचे आणि भातलावणीचे सांगू लागते. म्हणून सगळे कागदावर लिहून पाठवत आहे. दोघांनी सावकाश वाचा आणि मग काय वाटते ते सांगा. दादा म्हणतो की त्याला ऑगस्टमध्ये मस्कतहून रजा मिळते आहे, तर तेव्हाच उरकून टाकू. बाबा म्हणतात की मणक्याला हात लावूच नये. मला दोन्ही पटत नाही. माझे मत असे आहे की दोन तपासण्या झाल्याशिवाय फ्युजनला, म्हणजे मणके स्क्रूने जोडण्याला, होकार देऊ नये, आणि ऑपरेशन करायचेच ठरले तर ते दिवाळीनंतर करावे. असे का म्हणते ते पुढे लिहिले आहे.

आधी दुखणे नेमके काय आहे ते पाहू. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिले आहे की कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकला आहे, पहिल्या श्रेणीइतका, म्हणजे मणक्याच्या रुंदीच्या पाव भागापेक्षा कमी. त्यामुळे आणि वयानुसार जाड झालेल्या सांध्यांमुळे व अस्थिबंधांमुळे नसा जातात ती वाट अरुंद झाली आहे. आई, देवळाची घाटी चढताना तुला फारसा त्रास होत नाही, पण उतरताना पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात आणि पाराजवळ बसावेच लागते, त्याचे कारण हेच आहे. पुढे वाकले की ती वाट किंचित मोकळी होते आणि ताठ उभे राहिले की आवळते. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा तू ओट्यावर दोन्ही कोपरे टेकून, जवळजवळ ओणवी होऊन आमटी ढवळत होतीस. मला वाटले होते की तुला थकवा आला आहे. प्रत्यक्षात तुझ्या शरीराने आपला उपाय आपणच शोधून काढला होता.

डॉक्टरांनी ‘ऑपरेशन’ असा एकच शब्द वापरला असला तरी त्यात दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम म्हणजे नसांवर दाब आणणारे हाड आणि अस्थिबंध कोरून वाट मोकळी करणे, ज्याला ते डीकम्प्रेशन म्हणतात. दुसरे म्हणजे फ्युजन. त्यात दोन मणक्यांत स्क्रू घालून ते रॉडने जोडतात, बहुधा मधली गादी काढून तिथे छोटा पिंजरा बसवतात, आणि कोरून काढलेल्या हाडाचा किंवा कमरेच्या हाडाचा चुरा भरतात, जेणेकरून पुढे दोन्ही मणके मिळून एकच हाड होईल. बाबा, तुम्हाला वाटते तसे ते स्क्रू आयुष्यभर भार पेलण्यासाठी नसतात. स्लॅब टाकल्यावर काँक्रीट धरेपर्यंत सेंटरिंग ठेवतात, तेवढेच त्यांचे काम. खरे जोडकाम हाडाला करायचे असते आणि त्याला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. हाड जुळलेच नाही तर स्क्रू सैल होतात किंवा रॉड मोडतो, आणि मग दुसरे ऑपरेशन करावे लागते. पहिल्या कामातून माणूस लवकर सावरतो. अवघड असते ते दुसऱ्यानंतरचे सावरणे, आणि म्हणूनच आईला दुसऱ्याची गरज आहे की नाही, हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नावर जगातही एकमत नाही. एप्रिल २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की नुसती वाट मोकळी करणे आणि त्याला फ्युजनची जोड देणे यांत दोन वर्षांनी काही फरक राहिला नाही, मणका सरकलेल्यांमध्येसुद्धा. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या लहान अभ्यासात मात्र फ्युजन झालेल्यांची प्रकृती थोडी अधिक सुधारली आणि त्यांच्यात पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी जणांवर आली. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेच्या डॉक्टरांनी आईसारख्याच, एका ठिकाणी मणका सरकलेल्या २६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांनंतर ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा झालेल्यांचे प्रमाण नुसत्या डीकम्प्रेशनमध्ये सुमारे ७१ टक्के होते आणि फ्युजनसह सुमारे ७३ टक्के. पुन्हा ऑपरेशन करावे लागलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १२.५ आणि ९.१ टक्के होते. याचा अर्थ आपले डॉक्टर चुकीचे सांगत आहेत असा मी घेत नाही. सरासरी वेगळी आणि आपली आई वेगळी. पण एवढे वाचल्यावर ‘फ्युजन का, नुसते डीकम्प्रेशन का नाही’ हे विचारण्याचा हक्क आपल्याला नक्की आहे, आणि चांगला सर्जन त्या प्रश्नाने रागावत नाही.

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पहिल्या तपासणीत आहे. आपल्याकडे आहे तो एमआरआय आई आडवी झोपलेली असताना काढलेला आहे, आणि झोपल्यावर सरकलेला मणका काही वेळा जागेवर आल्यासारखा दिसतो. उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून असे साधे एक्स-रे काढले म्हणजे तो मणका हालचालीत किती डळमळतो ते कळते. डळमळत असेल तर फ्युजनला खरा आधार मिळेल आणि मग मीच ते करा म्हणेन. स्थिर असेल तर दुसऱ्या सर्जनचे मत घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरी तपासणी हाडांच्या घनतेची, म्हणजे डेक्सा. आई, अंगणात साधी पाय घसरून पडलीस तेव्हा तुझे मनगट मोडले होते. या वयात एवढ्याशा पडण्याने हाड मोडणे हे हाडे ठिसूळ असल्याचे लक्षण मानतात, आणि ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही. घनता कमी निघाली तर आधी काही महिने हाडे बळकट करणारी औषधे किंवा इंजेक्शने देऊन मग ऑपरेशन करता येते. ड जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांच्या सरासरीची साखरही पाहावी लागेल, कारण साखर वाढलेली असली की जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो.

आता जे लिहिते आहे त्यावर रागावू नकोस. मिश्री सोडावी लागेल. सकाळची, दुपारची आणि रात्री सगळे निजल्यावर लावतेस तीसुद्धा. तुला ती विडी-सिगारेटच्या पंगतीत बसवलेली आवडत नाही हे मला माहीत आहे, पण तंबाखू जाळा किंवा हिरड्यांना लावा, निकोटीन रक्तात जातेच. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला अडथळा येतो. तिच्याशिवाय पोट साफ होत नाही असे तू म्हणशील, त्याला इसबगोल आहे. दादाच्या ऑगस्टला माझा विरोध आहे त्याचे एक कारण हेच. आज मिश्री सुटली तर दिवाळीपर्यंत शरीराला पुरेसा अवधी मिळेल. रजेच्या सोयीने ऑपरेशनची तारीख धरणे मला बरोबर वाटत नाही. दादाने ऑपरेशननंतरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी रजा राखून ठेवावी, खरी गरज तेव्हा लागणार आहे.

बाबा, मणक्याचे ऑपरेशन झालेला माणूस अंथरुणाला खिळतो ही तुमची भीती निराधार नाही, पण ती जुन्या काळची आहे. फ्युजनचे ऑपरेशन न्यूयॉर्कमध्ये १९११ साली हिब्ज आणि आल्बी या दोन सर्जननी स्वतंत्रपणे सुरू केले, तेही मुख्यतः मणक्याच्या क्षयासाठी. तेव्हा स्क्रू नव्हते, त्यामुळे हाड जुळेपर्यंत रुग्णाला प्लास्टरमध्ये दीर्घकाळ निजवून ठेवावे लागे. (तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून एवढे सांगितले, एरवी आईला त्यात रस नाही.) आता बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करून चालवतात आणि सगळे नीट असले तर चार-पाच दिवसांत घरी सोडतात. तरीही धोके आहेतच: जंतुसंसर्ग, नसांवरचे आवरण फाटणे, नसेला इजा, पायात रक्ताची गाठ, शिवाय भूल. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जोडलेला भाग हलेनासा झाला की त्याच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण वाढतो आणि काही वर्षांनी तिथे तक्रार सुरू होऊ शकते.

घरी आल्यानंतरचे तीन महिने कसे असतील, याचा विचार आपल्या घराचा एकेक कोपरा डोळ्यांसमोर आणून करायला हवा. वाकणे, वजन उचलणे आणि कंबर पिळणे या तीन गोष्टी पूर्ण बंद. म्हणजे विळीवर बसून नारळ खवणणे बंद, रहाटावर पाणी काढणे बंद, भरलेली कळशी तर नाहीच, आणि खाली पडलेला चमचासुद्धा दुसऱ्याने उचलून द्यायचा. मांडी घालून किंवा उकिडवे बसायचे नाही, म्हणून जमिनीवरचे अंथरूण जाऊन पलंग येणार आणि मागीलदारच्या संडासाऐवजी घरात कमोड लागणार. अंथरुणातून सरळ उठायचे नाही. गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत बसते व्हायचे. हे आत्तापासून रोज करून पाहा, म्हणजे दुखत असताना नव्याने शिकावे लागणार नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यांत कठीण जातात. जखम दुखते, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट धरते, झोप लागत नाही, आणि ‘उगाच केले’ असे प्रत्येकाला वाटते असे फिजिओथेरपिस्ट सांगतात. नेहमीच्या सांधेदुखीच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यांतल्या काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात.

या सगळ्यात खरा व्यायाम एकच, तो म्हणजे चालणे: दिवसातून अनेकदा, थोडे थोडे आणि सपाट जागेवर. आपल्या अंगणात श्रावण-भाद्रपदात शेवाळ माजते, चिऱ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि वीज जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. नुकते स्क्रू बसवलेल्या माणसाने तिथे चालायचे कसे? गणपतीत घर माणसांनी भरलेले असताना आई पलंगावर स्वस्थ पडून राहील यावर तर माझा काडीचा विश्वास नाही. नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झाले तर पुढचे महिने कोरडे असतात आणि शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तू आपल्या पायांनी पुढे होऊन ओटी भरशील. पुरणपोळ्या मात्र दुसरे कोणीतरी लाटेल.

हे तीन महिने तुम्ही दोघांनी माझ्याकडे काढावेत. लिफ्ट आहे, कमोड आहे, खाली चालायला सपाट रस्ता आहे. लेकीच्या घरी इतके दिवस कसे राहायचे, हे आई बोलणार नाही पण मनात आणील, म्हणून स्पष्ट लिहिते की यांच्याशी माझे बोलणे झाले आहे आणि पलंगाची जागा त्यांनीच ठरवली आहे. बाबा, तुम्हीही यायचे. रात्री आईला उठवून बसवणे तुमच्या वयात तुम्हाला झेपणार नाही आणि त्यात तुमचीही कंबर जाईल, त्यामुळे दिवस-रात्र बाई ठेवू. गाईचे आणि बागेचे काकांशी बोलावे लागेल.

पैशांपायी नाही म्हणू नका आणि एफडी मोडू नका. स्क्रू-रॉडचा खर्च वेगळा लावतात, तेव्हा रुग्णालयाकडून सगळ्या खर्चाचा लेखी अंदाज घेऊ आणि आम्ही दोघे भावंडे तो वाटून घेऊ.

थांबण्यात धोका आहे का, असे तुम्ही विचाराल. पायात अशक्तपणा नसेल तर हे दुखणे बहुतेकांमध्ये सावकाश चालते, काहींमध्ये वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि व्यायामाने किंवा मणक्यातल्या इंजेक्शनने काही काळ दिलासाही मिळतो. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधल्या जागेला (लघवी-शौचाच्या जागेभोवती) बधिरपणा आला किंवा चालताना पाऊल लुळे पडू लागले, तर फोन करून विचारत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला गाडी करून मोठ्या रुग्णालयात जा. तेव्हा मुहूर्त, दिवाळी, मिश्री यांतले काहीही पाहायचे नाही.

शेवटचा शब्द आईचा राहील. आई, डॉक्टरांसमोर तुझ्या वतीने बाबा आणि मी बोलतो आणि तू मान हलवतेस, ते या वेळी नको. तुला पाय जास्त छळतात की कंबर, हे तूच त्यांना सांग. या ऑपरेशनने पायांचे दुखणे कमी होण्याची खात्री जास्त असते, कंबरेचे कमी होण्याची तितकी नसते. देवळापर्यंत चालता आले म्हणजे पुरे आहे की शेतावर जायचे आहे, हेही त्यांना सांग. सगळे ऐकून तू ‘आहे हे असेच चालू दे’ म्हणालीस तर मी वाद घालणार नाही आणि दादालाही घालू देणार नाही. आठवड्याला दोनदा फिजिओथेरपीला चिपळूणला जायची सोय मात्र करीन.

वाकून काढायचे एक्स-रे चिपळूणला होतील. बाबा, पाऊस उघडल्यावर या आठवड्यात ते काढून घ्या, प्लेटचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि मूळ प्लेट एमआरआयच्या पिशवीतच ठेवा. डेक्सा इथे पुण्यात करू. त्यासाठी आणि दुसऱ्या सर्जनच्या भेटीसाठी मी गणपतीनंतरच्या आठवड्यातली वेळ मागून ठेवते. जमणार नसेल तर आधी कळवा.

तुमची लेक